मदत हवी आहे: खुली पाठ्यपुस्तकं कॉलेजात रुजवायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यात, माणच्या बाजूला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. बी.एस्सी.ची बहुतेक मुलं वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येतात. रसायनशास्त्राच्या एका जाडजूड पुस्तकाच्या आमच्याकडे दोनच प्रती, त्यामुळे त्या घरी द्यायच्या नाहीत. हा नियम मीच पाळते. गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी उभ्याउभ्या मोबाईलवर पानांचे फोटो काढत होती. चौदा पानं झाली आणि मोबाईल भरला. मग भावाच्या लग्नाचे फोटो एकेक करून पुसायला लागली, कारण पाचची गाडी गाठायची होती.

तेव्हापासून मी खुल्या पाठ्यपुस्तकांच्या मागे लागले आहे, म्हणजे लेखकानंच परवाना देऊन मोफत वाचायला, वाटायला आणि बदलायला मोकळी ठेवलेली पुस्तकं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाची ओपनस्टॅक्स पुस्तकं २०१२ पासून नेटवर मोफत आहेत, रसायनशास्त्रही आहे. व्हर्जिनियातल्या टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेजनं तर २०१३ मध्ये दोन वर्षांचा एक अख्खा अभ्यासक्रमच असा बांधला, की मुलांना पाठ्यपुस्तकांवर काही खर्चच नाही. मला हेच महत्त्वाचं वाटतं. एकट्या सरांनी एक पुस्तक बदललं तर बाकीच्या विषयांचा खर्च तसाच राहतो.

आमच्या स्टाफरूममध्ये मात्र गाडी पुढे सरकत नाही. "मॅडम, पीडीएफ मुलांकडे टेलिग्रामवर असतातच की," असं एक सर म्हणाले. पण ती चोरीची प्रत. ती मी ग्रंथालयातून देऊ शकत नाही, तिचं भाषांतर करता येत नाही, त्यातला धडा आपल्या मुलांसाठी बदलताही येत नाही. फुकट आणि खुलं यातला हा फरक थोडक्यात कसा पटवायचा? दुसऱ्या मॅडमचा मुद्दा मला खोडता आला नाही: प्रश्नपत्रिका ठरावीक पुस्तकांवरून निघते, मग मुलांनी दुसरं का वाचावं?

शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची युनिटं खुल्या पुस्तकातल्या प्रकरणांशी कुणी जुळवली आहेत का? अभ्यास मंडळाकडून संदर्भसूचीत असं पुस्तक घालून घ्यायचं तर अर्ज कसा करतात? आणि मराठीत उतरवलेला धडा झेरॉक्स करून खर्चापुरते पैसे घेतले तर चालतं का?

प्रतिसाद:
ताई, मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवतो. आधी झेरॉक्सचं. पुस्तकाच्या पहिल्या पानांत परवाना बघा. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी, श्रेय देऊन वापरायचा) असेल तर मूळ लेखक, पुस्तक, दुवा, परवाना आणि आपण काय बदललं एवढं लिहायचं, मग पैसे घेतले तरी चालतं. एनसी (व्यापारी वापर नको) अक्षरं असतील तर विक्री टाळा, एसए (त्याच अटींवर वाटा) असेल तर आपलं भाषांतरही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं.
स्टाफरूममध्ये वाद घालू नका. मी एकच युनिट घेतलं, डॉलरची उदाहरणं काढून तासगावच्या बेदाण्याचे भाव घातले आणि शेवटी विद्यापीठाच्या जुन्या पेपरांतले प्रश्न त्या त्या पानाच्या क्रमांकासह जोडले. ते बघून शेजारच्या सरांनी स्वतःहून प्रत मागितली. अभ्यास मंडळाचं मला सांगता येणार नाही.

धागालेखिका:
सर, मनापासून आभार. जुने पेपर आमच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेले आहेत, उद्याच काढते. शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश घेते. रसायनशास्त्राचं पहिलं युनिट झालं की इथेच टाकते, तपासून द्याल ना कुणी?