मदत हवी आहे : कुत्र्याने दुसऱ्या कुणाच्या हातचं खाऊ नये म्हणून काय शिकवावं?

नमस्कार. आमच्याकडे तीन वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, गुंडू. आम्ही सांगलीत राहतो. बैठं घर, पुढे अंगण, आणि शेजारच्या घराच्या आणि आमच्या मध्ये कमरेएवढी भिंत. सगळा प्रश्न त्या भिंतीपाशीच आहे.

शेजारी आबा एकटेच असतात. वय ऐंशीच्या घरात. मागच्या वर्षी माई गेल्या, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ भिंतीला खुर्ची लावून बसतात आणि गुंडूशी बोलतात. गुंडूही पुढचे दोन पाय भिंतीवर टाकून तासन्‌तास उभा. आबांच्या मुलाची तासगावकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे बेदाण्याचा डबा त्यांच्या हाताशी कायम भरलेला. 

दोन महिन्यांपूर्वी मी सहाला घरी आले तेव्हा गुंडू ठीक होता. आठच्या सुमाराला उलटी केली. त्यात अख्खे, टम्म फुगलेले बेदाणे होते. हातमोजा घालून मोजले, एकतीस होते. आत किती राहिले होते कोण जाणे. कुत्र्याला द्राक्षं-बेदाणे चालत नाहीत एवढं ऐकून होते म्हणून तसंच उचलून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी राहिलेलं ओकवून काढलं, दोन दिवस सलाईन लावलं, रोज रक्त तपासलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलं नाही, गुंडू वाचला. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर वेगळंच काही सांगावं लागलं असतं.

आबांना सांगितलं का, असं कुणी विचारेल. तीनदा सांगितलं. पहिल्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मला बघवेना. पण त्यांना हल्ली आठवण राहत नाही. चार दिवसांनी पुन्हा "घे बाळा, घे" ऐकू येतं. मी धावत जाते, तर म्हणतात, "अगं पोरी, मुकं जनावर आहे, दोन दाण्यांनी काय होतंय?"

म्हणून आता गुंडूलाच शिकवायचं ठरवलंय. मला हवंय ते असं : माझ्या, नवऱ्याच्या किंवा सासूबाईंच्या हातचं सोडून त्यानं कुणाचंच खाऊ नये, आम्ही घरात नसतानाही. पण त्यानं आबांना घाबरू नये, त्यांच्यावर गुरगुरू नये. त्या माणसाला दिवसभरात तेवढाच एक सोबती आहे. हे लॅब्रेडॉरला जमतं का? कुणी केलंय का? नेमकी सुरुवात कशी करू?

प्रतिसाद १

आमच्या गावाकडे भाकरीत भरपूर तिखट घालून अनोळखी माणसाकडून खायला घालायचे. दोनदा तोंड पोळलं की कुत्रं आयुष्यभर परक्याचं खात नाही म्हणायचे. करून बघा, खर्च काही नाही.

प्रतिसाद २

तिखटाचा उपाय कृपया करू नका. आमच्या आधीच्या कुत्रीवर आजोबांनी केला होता. ती एवढंच शिकली की तिखटाचा वास आला तर खायचं नाही. बिनतिखटाची भाकरी त्याच माणसाकडून त्याच संध्याकाळी खाल्ली. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा फार पुढचं आहे, त्याला फसवून काही शिकवता येत नाही. आणि विजेच्या पट्ट्याचं कुणी सुचवणार असेल तर तेही नको. धक्का बसताना समोर आबा असतील तर गुंडू धक्क्याचा संबंध बेदाण्याशी लावेल की आबांशी, हे तुमच्या हातात नाही. तुम्हाला नेमकं तेच टाळायचंय.

प्रतिसाद ३

मी पशुवैद्य आहे. तुम्ही रात्रीच नेलंत ते फार चांगलं केलंत. द्राक्ष-बेदाण्यांत किती खाल्ले तर धोका, याचा भरवशाचा हिशोब मांडता येत नाही. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखाद्याची मूत्रपिंडं थोड्या दाण्यांत बंद पडतात. त्यांतल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं असं अलीकडे मानलं जातं. बेदाणा म्हणजे पाणी काढून टाकलेलं द्राक्ष, त्यामुळे वजनाला वजन लावलं तर तो जास्त घातक. सुरुवातीला फक्त उलट्या आणि मलूलपणा दिसतो, मूत्रपिंडाचा त्रास रक्तात दिसायला एक ते तीन दिवस जातात. तोवर वाट बघत बसलं की उशीर झालेला असतो.

घरात ओकवण्यासाठी मीठ-पाणी पाजू नका, मिठानंच विषबाधा होते. बाकी कांदा, लसूण, चॉकलेट, शिजवलेली हाडं आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची च्युइंगगम, हेही आबांना आणि घरच्यांना सांगून ठेवा. उंदराच्या औषधाचंही लक्षात असू द्या. काही औषधांचा परिणाम तीन-चार दिवसांनी रक्तस्राव होऊन दिसतो, तोवर कुत्रं हसतंखेळतं असतं.

आणि गुंडूला हावरट म्हणून रागावू नका. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. याला शिकवता येतं, पण बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस लागतील असं धरून चाला.

प्रतिसाद ४

मी पोलीस श्वानपथकात चौदा वर्षं हँडलर, म्हणजे कुत्रा सांभाळणारा, होतो, आता निवृत्त आहे. आमचं कुत्रं हँडलरच्या हातचंच खातं. त्यात मारझोड नसते, रोजचा सराव असतो. युरोपात फ्रेंच रिंग आणि माँडिओरिंग या श्वानस्पर्धांमध्ये तर अन्न नाकारण्याची वेगळी परीक्षाच असते. तुकडे मैदानात पसरलेले असतात, काही कुत्र्यासमोर फेकतात.

तुम्ही असं करा. मुठीत त्याच्या नेहमीच्या खाण्याचे दोन दाणे घ्या आणि मूठ नाकासमोर धरा. चाटेल, पंजा मारेल, दात लावेल. काही बोलू नका, हात मागे घेऊ नका. कधीतरी तो थकून नाक बाजूला घेईल. त्याच क्षणी "शाब्बास" आणि दुसऱ्या हातातून उकडलेल्या चिकनचा तुकडा. मुठीतले दाणे त्याला कधीच द्यायचे नाहीत, ते परत डब्यात. हे लोक विसरतात. नाकारलेलंच शेवटी मिळत असेल तर तो नाकारायला नाही, थांबायला शिकतो.

मूठ जमली की उघडा तळहात. मग जमिनीवर. मग नवरा देईल आणि बक्षीस तुम्ही द्याल. मग ओळखीचे लोक, मग अनोळखी. माणूस बदलला, जागा बदलली की कुत्र्याला सगळं नवीन वाटतं. स्वयंपाकघरात शिकलेलं त्याला अंगणात आठवत नाही, तिथे पुन्हा मुठीपासून सुरू करायचं. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं, त्याहून जास्त नको.

एक महत्त्वाचं. "नको" हा शब्द वापरू नका. घरात दिवसातून शंभर वेळा कुणीतरी "नको" म्हणतं. खरं तर नाकारायला शब्दच नको, हात दिसला की त्यानं आपणहून तुमच्याकडे वळायला हवं. शब्द हवा तो खायची परवानगी देणारा. आणि तो "घे" नसावा, कारण आबा "घे" म्हणतात. कुणाच्या तोंडी चुकूनही येणार नाही असा शब्द निवडा.

प्रतिसाद ५

हे सगळं होईपर्यंत त्याला अंगणात एकटं सोडू नका, एवढंच सांगते. शिकवण्याच्या काळात दहातून एकदा जरी भिंतीवरून बेदाणा मिळाला तरी ते जुगारासारखं होतं. कधीतरी लागतं म्हणून तो आणखी चिकाटीनं उभा राहील. भिंतीवर शेडनेट बांधा, बागायतदाराकडे उरलेली सहज मिळेल. बाहेर फिरवताना तोंडाला जाळीचं मुसकं चालतं. त्यात धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. कापडी पट्टीचं मात्र नको, उन्हात धोका आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. परवानगीचा शब्द "मंजूर" ठरवलाय. सासूबाईंना पहिल्या दिवशी तो लाजत लाजतच म्हणावा लागला.

शेडनेट बांधायला मात्र मन होत नाही. आबा सकाळी येऊन बसतील आणि समोर हिरवं कापड. दुपारी आम्ही नसताना गुंडू घरात राहील, आणि अंगणात सोडलं की आमच्यापैकी एक जण बाहेर, असं ठरवलंय. आणि एक विचारते : आबांनाच या शिकवण्यात घेतलं तर?

प्रतिसाद ४ (पुन्हा मीच)

जरूर घ्या. रोज तेच लागणार आहेत, तुम्हाला बाहेरून माणूस शोधावा लागणार नाही. पण त्यांच्या हातात बेदाणा नको, गुंडूचे स्वतःचे दाणे द्या. चुकून खाल्ले तरी अपाय नाही.

प्रतिसाद २

मला हे पटत नाही. एका माणसाला सूट दिली की कुत्रं गोंधळतं. आबांच्या हातून कधीच काही मिळू नये, चांगलं-वाईट काहीही.

प्रतिसाद ४

हातून मिळू नये, हे बरोबर. पण आबांनी गुंडूच्या वाटीत टाकायचं आणि ताईंनी "मंजूर" म्हणायचं, यात गोंधळ नाही. नियम असा होतो : हातातलं कधीच नाही, वाटीतलं शब्द मिळाल्यावर. कुत्र्याला हे आपल्यापेक्षा स्पष्ट कळतं.

धागाकर्ती, पाच आठवड्यांनंतर

उशिरा लिहितेय, पण काहीतरी सांगण्यासारखं व्हायची वाट बघत होते.

पहिला आठवडा मुठीतच गेला. तिसऱ्या दिवशी गुंडूनं माझ्या मनगटापर्यंत सगळा हात चाटून ओला केला, मग दमून बसला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी "शाब्बास" म्हटलं तेव्हा त्यानं आधी मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानंतर पटापट जमत गेलं. अंगणात गेल्यावर मात्र हँडलरकाकांनी लिहिलं होतं तसंच झालं, जणू काही शिकलाच नव्हता. पुन्हा मुठीपासून सुरुवात केली.

आबांना चौथ्या आठवड्यात घेतलं. त्यांना रोज नव्यानं सांगावं लागतं, पण सांगितलं की अगदी मन लावून करतात. भिंतीवरून हात पुढे येतो, हात थोडा थरथरतो, तळव्यावर तीन दाणे. "घे बाळा." गुंडू हाताचा वास घेतो, आणि मान वळवून मला शोधतो. मी चिकन देते. मग आबा दाणे वाटीत टाकतात, मी "मंजूर" म्हणते. परवा त्यांनी विचारलं, "माझ्या हातचं का खात नाही गं हा?" मी बेदाण्यांचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग गुंडूच्या कानामागे खाजवत म्हणाले, "मग नको खाऊस. तू नको खाऊस." त्यांच्या मुलाशी बोलून बेदाण्याचा डबा आतल्या कपाटात ठेवायला लावलाय. आबांच्या डब्यात आता कुरमुरे असतात.

कुरिअरवाला, कोपऱ्यावरचा चहावाला, भाच्याचे मित्र, सगळ्यांकडून करून घेतलं. मी समोर असेन तर दहातून नऊ वेळा नाकारतो. अडलंय ते पुढे. मी दाराआड गेले की खाल्लं. काल मुद्दाम नवऱ्याला भिंतीपलीकडे उभं केलं आणि मी आत जाऊन खिडकीतून पाहिलं. गुंडूनं हात पाहिला, दाराकडे पाहिलं, मी नाही म्हटल्यावर सरळ दाणे उचलले. बक्षीस देणारीच नाही तर नाकारायचं कशाला, हे त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. हे कसं सोडवू?

प्रतिसाद ४

इथे सगळेच अडतात, काळजी करू नका. एकदम आत जायचं नाही. आधी एक पाऊल मागे, मग तीन, मग दारात, मग अर्धं अंग दाराआड. प्रत्येक टप्प्यावर दहापैकी आठ-नऊदा नाकारलं तरच पुढे. देणाऱ्याला सांगून ठेवा, कुत्रं पुढे झालं की मूठ बंद. त्याला एकही दाणा मिळता कामा नये. आणि दारात एक गोणपाट टाका. हात नाकारला की धावत गोणपाटावर यायचं, बक्षीस नेहमी तिथेच, आधी तुमच्या हातून आणि नंतर दाराच्या फटीतून. म्हणजे बक्षीस तुमच्या तोंडाशी नाही, जागेशी जोडलं जातं. दोन-तीन महिने धरा. आणि पूर्ण शिकला असं वाटलं तरी दुपारी एकटं अंगणात सोडणं सुरू करू नका. आमची कुत्रीसुद्धा आम्ही परक्यांच्यात एकटी सोडत नव्हतो.

धागाकर्ती

गोणपाट आहे घरात. उद्या सकाळी आबा खुर्ची घेऊन आले की सुरू करते. पहिल्या दिवशी एकच पाऊल मागे.