आईला साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर कुठून नेऊ?

आई ६४ वर्षांची, गुडघे दुखतात. तरी गडावरच्या मंगळाईदेवीचं दर्शन पायीच घ्यायचं म्हणते. कोणती वाट बरी?

> डांबरी रस्ता धरा, थेट दरवाजाजवळ पोचतो. वडिलांना मी असंच तयार केलं: आधी पंधरा दिवस रोज वाटेतल्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंतच. तिथल्या कट्ट्यावर बसून ते पायाखालचं सातारा शहर बघत राहायचे, मग दम आपोआप वाढला. उन्हाच्या आत निघा.

> काठी घ्याच. गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त बाधतो. पावसाळ्यात पायवाट नकोच, दगडांवर शेवाळ असतं.

> दरवाजातून आत गेल्यावरही देवळापर्यंत बरंच चालणं आहे, पाणी राखून ठेवा. वाटेत ताराराणींच्या वाड्याचे अवशेष काकूंना नक्की दाखवा.

मनापासून आभार. उद्यापासून चार भिंती. आईने बूट आत्ताच दारात काढून ठेवलेत.