पुण्यात जुनी आणि यांत्रिक खेळणी कुठे बघायची? (१ दिवस, सोबत ७ वर्षांचा मुलगा आणि आजोबा)

नाशिककरीण
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत एकच दिवस पुण्यात थांबतोय, मी, मुलगा आणि माझे सासरे. मुलाला सध्या सगळं उघडून आत काय आहे ते बघायचं असतं, चावीच्या गाडीचे स्क्रू काढून झालेत, आता भिंतीवरच्या घड्याळावर डोळा आहे. सासऱ्यांना जुन्या वस्तू खूप आवडतात. दोघंही रमतील असं खेळण्यांचं म्युझियम सुचवा ना, मॉलमधलं गेमझोन नकोय. सासऱ्यांना जिने चढायला त्रास होतो.

रूळप्रेमी
डोळे झाकून कोथरूडला जोशी यांचं मिनिएचर रेल्वे म्युझियम. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या वेडातून उभं केलंय, १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. एका खोलीत अख्खं शहर आहे आणि त्यातून वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंत गाड्या पळतात, सिग्नल पडतात, मग खोलीत अंधार करतात आणि त्या इवल्याशा घरांत दिवे लागतात, तो क्षण मी चार वेळा पाहिलाय आणि पाचव्यांदा पण जाईन. मुलाला आधी १:८७ म्हणजे काय ते सांगून ठेवा, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. या मापाच्या मॉडेलमध्ये दोन रुळांमधलं अंतर फक्त १६.५ मिलिमीटर असतं, पट्टी घेऊन दाखवा, मग तिथे गेल्यावर तो वेगळ्याच नजरेने बघेल. जागा छोटी आहे, तंगडतोड नाही. शोच्या वेळा फोन करून विचारून निघा, सुट्टीत गर्दी असते.

शुक्रवारपेठ
आजोबांसाठी राजा केळकर म्युझियम सोडू नका. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीत हा संग्रह उभा राहिला, २० हजारांच्या वर वस्तू आणि १९७५ साली सगळंच्या सगळं सरकारला देऊन टाकलं. एका मुलाच्या नावाचं म्युझियम आहे हे माहीत असलं की तिथल्या बाहुल्या आणि खेळणी बघताना घशात काहीतरी दाटून येतं, मला तरी दर वेळी येतं. पण ताई, जिने आहेत, त्यामुळे सगळे मजले करायचा हट्ट नको. बाजीराव रोडला पार्किंगच्या नादी लागू नका, रिक्षाच करा. आणि तुळशीबाग तिथून चालत जाण्यासारखी आहे, पितळी भातुकली अजून मिळते.

चितारआळी
पुढे कोकणात उतरणार असाल तर सावंतवाडी! आमच्या चितारआळीत लाकडी फळं, भाज्या, बैलगाड्या रंगवून ठेवलेल्या असतात आणि राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुने खेळायचे पत्ते, रंगवताना कारागीर बघायला मिळतात. दशावतारी गंजिफा म्हणजे १० रंग, दर रंगाची १२ पानं, एकूण १२०, आणि पानं गोल. आजोबा तिथून हलणार नाहीत.

घरगुती_प्रयोग
सगळं छान सुचवलंय, पण ७ वर्षांच्या मुलाला काचेमागचं खेळणं दाखवून परत आणायचं हा मला अन्याय वाटतो. त्याच दिवशी हातात काहीतरी पडलंच पाहिजे. जत्रेत मिळते ना पत्र्याची बोट, आत दिवा लावला की फटफट आवाज करत पाण्यात पळते, ती शोधा. आत चिमुकला बॉयलर असतो, वाफ नळीतलं पाणी मागे ढकलते, मग थंड होऊन पाणी परत आत ओढते. बाहेर जाणारं पाणी एका दिशेने जोरात जातं आणि आत येणारं सगळ्या बाजूंनी गोळा होतं, म्हणून बोट पुढेच जाते. एकही चाक नाही, एकही स्प्रिंग नाही! घरी आल्यावर अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासूनची खेळणी नेटवर बघा, मराठीत पण आहेत आणि फुकट आहेत.

नाशिककरीण
जाऊन आलो!! सकाळी केळकर, खालचाच मजला केला, सासरे एका दिव्यापाशी पंधरा मिनिटं उभे होते. दुपारी रेल्वे, दिवे लागले तेव्हा मुलाने माझा हात घट्ट धरला. बोट परवा इथल्या बाजारात मिळाली, पण टबात सोडली तर चालतच नाही, नुसता दिवा जळतोय, मुलगा हिरमुसलाय. काय चुकतंय?

घरगुती_प्रयोग
नळ्या कोरड्या असणार. ड्रॉपरने आधी पाणी भरा, दुसऱ्या नळीतून बाहेर येईपर्यंत, मग नळ्यांची तोंडं बोटाने दाबून बोट पाण्यात ठेवा आणि नंतर दिवा लावा.

नाशिककरीण
चालली!!! आजोबा पण टबाशेजारी बसलेत.