‘समाजवाद’ या शब्दातला ‘समाज’ म्हणजे नेमका कोण?

प्रश्न : समाजवाद ही अर्थव्यवस्था म्हणून चालू शकते का, यावर आमच्या घरी वाद झाला. एक जण सरकारी कारखान्यांविषयी बोलत होता, तर दुसरा मोफत शिक्षण आणि औषधोपचारांविषयी. या अर्थच्छटांना मराठीत वेगळे शब्द आहेत का?

उत्तर : आहेत. मोफत शिक्षण-औषधोपचारांसाठी ‘कल्याणकारी राज्य’ हा शब्द रुळलेला आहे आणि स्वीडनसारख्या खासगी मालकीच्या अर्थव्यवस्थेतही ते नांदते. समाजवादाचा मूळ प्रश्न मालकीचा आहे, म्हणून जुन्या लेखनातला ‘समाजसत्तावाद’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावीत अशी योजना मांडली, तेव्हा तिला ‘राज्य समाजवाद’ म्हटले. मालक कोण, हे त्या विशेषणातच स्पष्ट होते. राज्यघटनेत मात्र ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची संविधान सभेचे सदस्य के. टी. शहा यांची दुरुस्ती आंबेडकरांनी १९४८ मध्ये स्वीकारली नाही, कारण समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळानुरूप ठरवावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तो उद्देशिकेत आला, तो विशेषणाविनाच.

१९६९ मध्ये १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या, त्याला आपण ‘राष्ट्रीयीकरण’ म्हणतो. ‘समाजीकरण’ म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. खातेदार त्या बँकांचा मालक झाला नव्हता.

आता ‘चालेल का’ याविषयी. सगळे भाव आणि सगळी उद्दिष्टे राजधानीतून ठरवणारी सोव्हिएत पद्धत टिकली नाही, कारण टंचाई कुठे आहे हे सांगणारा भावच तिथे मुका झाला होता. सहकाराचे तसे नाही; तिथली मालकी समाजाची, म्हणजे सभासदांची असते. माझे वडील साखर कारखान्याचे सभासद होते. शेअर कितीही असले तरी मत एकच, आणि वार्षिक सभेत वजनकाट्याविषयी उभे राहून विचारले की अध्यक्षांना उत्तर द्यावेच लागे. पुढे सभासद सभेला जाईनासे झाले, हिशेब न वाचता ‘मंजूर, मंजूर’ होऊ लागले आणि तो कारखाना कर्जात गेला.

प्रतिसाद : परंतु सहकारी कारखान्यांना सरकारचे भागभांडवल आणि कर्जहमीही असते. मग त्याला निखळ ‘समाजाची मालकी’ कशी म्हणावी?

उत्तर : आपला आक्षेप मला मान्य आहे. तिथे ‘सरकारच्या आधाराने सभासदांची मालकी’ असे लिहावे. शब्द लांबतो, पण पैसा कुणाचा आणि मत कुणाचे हे दोन्ही त्यातून कळते.