उलटली (पुन्हा माजावर आली) म्हणजे गाभण नाही, असं नव्हे

गाय-म्हैस भरवल्यावर (वळू दाखवल्यावर किंवा रेतन केल्यावर) 21 दिवसांनी माज, म्हणजे पुन्हा भरवण्याजोगी झाल्याची लक्षणं, दिसला नाही म्हणजे ती गाभण, असं म्हणतात. निम्मंच खरं. म्हशीचा मुका माज (बाहेरून लक्षणं न दाखवणारा) कित्येकदा रात्रीच येऊन जातो, कुणाला पत्ता लागत नाही.

याची उलटी बाजूही आहे: काही गाभण गायीही माज दाखवतात. घाईने पुन्हा कृत्रिम रेतन केलं आणि वीर्य सोडायची नळी गर्भाशयात गेली, तर गर्भ जाऊ शकतो. गाभण गाईच्या गर्भमुखात घट्ट, चिकट बूच असतं. नळी तिथे चिकटल्यासारखी अडली की जाणता माणूस पुढे ढकलतच नाही. खरं तर त्याआधीच तपासावं. सोनोग्राफीत महिनाभरात कळतं, हाताने तपासायचं तर दोन महिने थांबलेलं बरं.