सर क्रीक आणि कलम ७३

सर क्रीक ही गुजरातचं कच्छ आणि पाकिस्तानचा सिंध यांच्यामधली खाडी. ती म्हणजे ९६ किलोमीटरचा चिखल, त्यासाठी दोन देशांत एवढं भांडण कशाला, असं काहीजण म्हणतात; ते पटलं नाही. भारत खाडीचा मध्य धरतो, पाकिस्तान पूर्वेचा काठ. जमिनीची हद्द समुद्राला नेमकी कुठे टेकते ते त्यावर ठरतं, आणि समुद्रातली पुढची सगळी रेघ तिथूनच सुटते. दोघेही मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावाचाच दाखला देतात, फक्त आपापल्या सोयीचा परिच्छेद उचलून.

पण समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पकडले जाऊन एकमेकांच्या तुरुंगात पडणारे मासेमार या चर्चेत कुठेच येत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराचं कलम ७३ सांगतं की किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडच्या आर्थिक क्षेत्रात (जिथल्या माशांवर त्या किनाऱ्याच्या देशाचा हक्क असतो) मासेमारीचे नियम मोडले, तर दोन देशांत तसा करार असल्याशिवाय तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. शिवाय पुरेसा जामीन भरला की बोट आणि माणसं लगेच सोडायची. दोन्ही देशांनी हा करार मान्य केलेला आहे! तरी माणसं वर्षानुवर्षं आत राहतात.

आपल्या डहाणू-तलासरीकडची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट कुठवर न्यायची ते तांडेल बघतो, पकडली की जाळं ओढणारेही आत. कैद्यांच्या याद्या दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारं एकमेकांना देतात, पण शिक्षा संपलेला माणूसही नागरिकत्वाची खातरजमा होईपर्यंत तिथेच अडकतो. सीमा ठरायला लागतील तेवढी वर्षं लागोत, कलम ७३ आजही पाळता येईल.