नोकरी सांभाळून एक्झिक्युटिव्ह एमबीए : आपले अनुभव

नोकरी न सोडता व्यवस्थापनाचे शिक्षण घेण्याची सोय नवी नाही. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये एक्झिक्युटिव्ह एमबीए सुरू केले, आणि मुंबईत चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत संध्याकाळचे वर्ग करून तीन वर्षांत वित्त किंवा विपणन व्यवस्थापनाची पदवी घेतलेले लोक आपल्या ओळखीत सापडतात. माहितीपत्रकात शुल्क आणि विषयांची यादी असते. पण शनिवारी शिकलेले सोमवारी टेबलावर नेमके काय कामी आले, आणि त्यासाठी घरात कोणाचा वेळ खर्ची पडला, हे त्यात नसते. ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते.

मी चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळते. वयाच्या ४१ व्या वर्षी पुण्यात शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दुसऱ्या सत्रात कॉस्ट अकाउंटिंगच्या एका तासाने माझी अनेक वर्षांची समजूत मोडली. आमच्या एका भागावर नगामागे १२० रुपये सुटत आणि दुसऱ्यावर ८०, म्हणून आम्ही नेहमी पहिल्याला अग्रक्रम देत होतो. परंतु आमचे सगळे काम तुंबते ते ग्राइंडिंग मशीनवर, आणि तेथे पहिल्या भागाला ६ मिनिटे लागतात, दुसऱ्याला २. म्हणजे मशीनच्या एका मिनिटामागे पहिला भाग २० रुपये देतो आणि दुसरा ४०. सोमवारी सकाळी मी हे गणित प्लँट हेडसाहेबांना फळ्यावर मांडून दाखवले आणि पुढच्या महिन्यापासून आमचे नियोजन बदलले. हे मला त्या मशीनशेजारी उभे असतानाच सुचायला हवे होते, असे आजही वाटते. पण तेथे शिफ्ट, गैरहजेरी आणि माल पाठवण्याची घाई यांच्यापलीकडे डोके जात नाही. वर्गातल्या बाकावर बसल्यामुळे तेवढे अंतर मिळाले.

*

मी औषध कंपनीत विभागीय विक्री व्यवस्थापक आहे. वितरकाला उधारीची मुदत वाढवून दिली की विक्री वाढते, एवढेच मला पूर्वी दिसत असे. माल ४५ दिवस गोदामात राहतो, विकल्यावर पैसे यायला ६० दिवस लागतात आणि पुरवठादारांना आपण ३० दिवसांत पैसे देतो, म्हणजे ७५ दिवस कंपनीचा पैसा अडकलेला असतो आणि त्यावर बँकेचे व्याज चढत असते, हे वर्गात आकडे मांडल्यावर समजले. त्यानंतर मी माझ्या प्रतिनिधींच्या आढाव्यात विक्रीच्या शेजारी वसुलीचा रकाना घातला.

घरच्या बाजूचेही सांगतो. संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर दादरला गाडी बदलून डोंबिवलीला पोहोचेपर्यंत अकरा वाजत. मुलगी तेव्हा पहिलीत होती. ती जोडाक्षरे वाचू लागली, हे मला तिच्या आजीकडून कळले.

*

मी दुसऱ्या वर्षी अभ्यासक्रम सोडला, तोही अनुभव नोंदवतो. शनिवारी सुट्टी देण्याचे वरिष्ठांनी तोंडी मान्य केले होते. ते बदलून गेले आणि नव्या साहेबांनी ते मानले नाही. शिवाय कंपनीने निम्मे शुल्क भरताना दोन वर्षांचा बाँड घेतला होता, त्यामुळे नोकरी बदलण्याचीही मोकळीक नव्हती. प्रवेश घेणाऱ्यांनी सुट्टीची मंजुरी लेखी घ्यावी आणि बाँडची मुदत प्रवेशापासून मोजली जाते की पदवीपासून, हे सही करण्यापूर्वी वाचावे, असे कळकळीने सांगतो.

*

वरील अनुभवाला जोडून दोन गोष्टी लिहितो. शुल्कासाठी शैक्षणिक कर्ज घेतल्यास जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर जास्तीत जास्त ८ वर्षे वजावट मिळते; मुद्दलावर मिळत नाही. तसेच आपल्याला पदवी मिळणार आहे की पदविका, हे आधी विचारावे. आयआयएमनासुद्धा पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला, आणि तो कायदा जानेवारी २०१८ मध्ये लागू झाला.

*

मी शिकले नाही. माझे यजमान शिकले. दोन वर्षे नाशिकमधली लग्नकार्ये, आजारी सासूबाईंचे दवाखाने आणि मुलाची दहावी मी एकटीने पाहिली, आणि त्याच काळात बँकेतील माझी शाखा व्यवस्थापकाची जबाबदारीही चालू होती. यजमानांना बढती मिळाली, त्याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही आम्ही दोघांनी सुरुवातीलाच बसून कामे वाटून घेतली असती, तर त्या दोन वर्षांत जे कडू बोललो, ते बोललो नसतो.

यंदा मी अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. शनिवारची भाजी, सासूबाईंची औषधे आणि मुलाला क्लासहून आणणे, ही यादी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून फ्रिजवर लावली आहे. वर्ग जुलैत सुरू होतील. तोपर्यंत मी जुना हिशेबशास्त्राचा अभ्यास काढून बसले आहे.